गिझर उशिरा तापतो, गुरगुरतो, ट्रिप होतो? घरात बोअरचं पाणी असेल तर आधी हे तपासा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यापासून माझा फोन थांबत नाही. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत मी वायरिंगची आणि गिझरची कामं करतो. आयटीआयला वायरमन ट्रेड केला तेव्हापासून हेच काम. उन्हाळा-पावसाळ्यात बऱ्याच घरांत गिझर बंद असतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी बटण दाबलं की कुणाकडे लाइट जाते, कुणाकडे तासभर थांबूनही पाणी कोमटच. तक्रारी चार-पाच प्रकारच्या असतात. गिझर खोलला की आत बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: क्षार.

नळाला कृष्णेचं पाणी येणाऱ्या घरात हा त्रास कमी. वाढीव भागातल्या अपार्टमेंटला, बंगल्याला, पूर्वेकडच्या कवठेमहांकाळ-जत भागात बोअरवर चालणाऱ्या घरांना तो दर दोन-तीन वर्षांनी ठरलेला. आपल्या खाली काळा पाषाण आहे. त्यातून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. गार पाण्यात ते दिसत नाही. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि चुनखडी होऊन सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे एलिमेंटवर (टाकीतली पाणी तापवणारी नळी), बसते. आजीचा तांब्याचा बंब ज्यांनी आतून पाहिलाय त्यांना ही पांढरी खपली माहीत आहे. ऊसपट्ट्यातल्या क्षारपड रानात वर येतं ते मीठ वेगळं, हा चुना वेगळा. पण बोलताना आपण दोन्हींना क्षारच म्हणतो, मीही इथे तेच म्हणतो.

खाली लिहिलंय ते विजेवर चालणाऱ्या, टाकीच्या गिझरबद्दल आहे: १०, १५, २५ लिटरवाले. तीन लिटरच्या इन्स्टंटलाही बरंचसं लागू पडतं. टाकी लहान आणि एलिमेंट ३००० वॅटचा असल्याने त्यात क्षार आणखी लवकर त्रास देतात.

लक्षणं

पूर्वी वीस मिनिटांत तापणारं पाणी चाळीस-पन्नास मिनिटं घेतं. बिल वाढतं, पण कारण ध्यानात येत नाही.

गिझर तापताना आतून गुरगुर, कधी तडतड असा आवाज येतो. एलिमेंटवरच्या थराखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, त्याच्या वाफेचे बुडबुडे फुटतात, त्याचा हा आवाज. बऱ्याच जणांना वाटतं टाकी फुटणार. आवाजानं टाकी फुटत नाही, पण आत थर जाड झालाय हे तो सांगतो.

गरम पाण्याची धार बारीक आणि गार पाण्याची मात्र जोरात. बादलीच्या तळाला पांढुरकी कचकच.

पहिली अर्धी बादली कढत आणि नंतर एकदम गार.

बटण दाबताच, किंवा पाच-दहा मिनिटांनी, घरातली लाइट जाते.

आणि शेवटचं लक्षण, ज्यात पुढचं काहीही वाचत बसायचं नाही: नळाला किंवा पाण्याच्या धारेला हात लावला की मुंग्या येतात. असं झालं तर मेन स्विच बंद करा, गिझरचा प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. ओल्या अंगानं, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या माणसाला करंट बसायला फार काही लागत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी घड्याळ लावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या एलिमेंटला साधारण १८ मिनिटं लागतात. २५ लिटरला अर्धा तास. डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी वीस अंशांवर उतरतं, तेव्हा १५ लिटरला २१ मिनिटं धरा. गिझरच्या पट्टीवर लिटर आणि वॅट लिहिलेले असतात, त्यावरून आपल्या गिझरचा हिशोब करता येतो. दिवा आपोआप बंद होईपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवा. हे आधी का? कारण निम्म्या घरांत "तापत नाही" म्हणजे खरं तर घरात माणसं वाढलीत, पाहुणे आलेत, आणि १५ लिटरच्या टाकीकडून पाच आंघोळींची अपेक्षा आहे. तिथे बिघाड नसतोच.

मग थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारी, कळ पाहा. गिझर पुसताना ती फिरते, किंवा उन्हाळ्यात कुणीतरी कमी केलेली तशीच राहते. ५५ ते ६० अंश ठीक. त्यापेक्षा वर ठेवू नका. पाणी जितकं जास्त गरम, तितका थर जास्त वेगानं बसतो. वर लहान मुलाच्या हातापायावर कढत पाणी पडायची भीती.

लाइट जात असेल तर मला फोनवर पहिली सांगायची गोष्ट ही की बोर्डातलं नक्की काय पडलं. साधा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा छोटा स्विच, पडला तर शॉर्ट किंवा लोड. 'टी' अक्षराचं छोटं बटण असलेला रुंद स्विच पडला तर तो आरसीसीबी, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का एवढंच तो पाहत असतो. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की तो पडतो. म्हणजे करंट कुठेतरी पाण्यातून, टाकीच्या अंगातून किंवा अर्थिंगमधून निघून जातोय. तो पडला याचा अर्थ तो आपलं काम करतोय. "सारखा पडतो म्हणून काढून टाकला" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. कृपा करून हे करू नका, कुणाला करूही देऊ नका.

आता गिझरचा प्लगच सॉकेटमधून काढा आणि आरसीसीबी वर करा. टिकला, तर दोष गिझरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. प्लग काढूनही पडला, तर घरातलं दुसरं काहीतरी आहे, गिझरला हात लावायची गरज नाही. आणखी एक बारीक गोष्ट: गिझरचं बटण बंद असताना, नुसता प्लग लावला तरी आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंटच्या न्यूट्रलच्या बाजूला गळती आहे. साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. अशा वेळी लोक म्हणतात, "बटण तर बंद होतं, मग गिझर कसा?" गिझरच असतो.

प्लग काढलाच आहे तर त्याच्या पिना पाहा. काळ्या पडल्यात? सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालंय, वितळल्याचा वास येतोय? २००० वॅटचा गिझर साडेआठ-नऊ ॲम्पिअर घेतो. त्याला १६ ॲम्पिअरचा प्लग-सॉकेट लागतो. ६ ॲम्पिअरच्या बटणावर गिझर चालत असेल तर आज ना उद्या ते जळणार. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते, आणि एलिमेंटपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. जळलेलं सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या. नुसतं घासून पुन्हा लावू नका.

प्लगची तिसरी, जाड पिन आहे का तेही पाहा. मिरजेत एका काकूंच्या घरी नळाला मुंग्या यायच्या. त्यांनी दोन वर्षं रबरी चप्पल घालून आंघोळ केली होती. मी प्लग काढला तर वरची जाड पिन मुळातून कापलेली. जुन्या सॉकेटच्या भोकात ती बसत नव्हती म्हणून आधी कुणीतरी काम करताना ती कापून टाकलेली. काकू म्हणाल्या, "बाळा, मला वाटलं पाण्यातच करंट असतो थोडा." पाण्यात करंट नसतो. एलिमेंट गळत होता आणि त्या करंटला जायला दुसरी वाट ठेवली नव्हती.

मीटरकडे बघून गिझर ओळखायचा

माझी सगळ्यात आवडती तपासणी ही, कारण यात काहीच खोलावं लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा: फ्रिज, पंखे, राउटरसुद्धा. फक्त गिझर चालू ठेवा. विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, १६०० किंवा ३२०० असा. ३२०० असेल तर २००० वॅटच्या गिझरवर तो १० सेकंदांत साधारण १८ वेळा लुकलुकेल. १६०० असेल तर ९ वेळा. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलं तर सोपं जातं.

आकडा जुळला म्हणजे एलिमेंट पूर्ण ताकदीनं वीज घेतोय. तरीही पाणी उशिरा तापत असेल तर उष्णता पाण्यात नीट जात नाही, क्षार झालेत, किंवा तापलेलं पाणी दुसरीकडे चाललंय. दिवा लुकलुकतच नसेल तर वीज एलिमेंटपर्यंत पोचत नाही: सॉकेट, वायर, कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग), थर्मोस्टॅट किंवा तुटलेला एलिमेंट. निम्माच आकडा येत असेल तर व्होल्टेज पाहा.

व्होल्टेजचं गणित लोकांना पटत नाही, पण ते महत्त्वाचं आहे. व्होल्टेज थोडं पडलं की ताकद त्याच्या वर्गाच्या हिशोबानं पडते. २३० च्या जागी १९० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचा एलिमेंट १३६५ वॅटचंच काम करतो आणि १८ मिनिटांच्या जागी २६ मिनिटं घेतो. गावाकडे सकाळी लोड वाढला की हे होतं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर गिझर चालू असताना बघून घ्या. दुपारी पाणी वेळेत तापतं आणि पहाटे तापत नाही, असं असेल तर बहुधा गिझर ठीक आहे.

अर्धी बादली कढत, मग गार

इथे मिक्सर तपासा. गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. टाकीत येणारं पाणी थांबलं की धार थोड्या वेळात थांबायला हवी. ती जोरात चालूच राहिली तर मिक्सरच्या आतून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. मिक्सरची आतली स्पिंडल किंवा काट्रिज गेलेली असते, किंवा शॉवर आणि हँड शॉवरच्या दोन्ही कळी अर्धवट उघड्या असतात. या बिघाडापायी चांगले एलिमेंट बदललेले मी पाहिलेत. हे काम प्लंबरचं आहे.

धार बारीक असेल तर नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची चाळणी काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाका. जाळीत पांढरे खडे दिसले तर ते गिझरमधूनच आलेत, म्हणजे आत काय आहे याचा नमुना तुमच्या हातात आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब

"व्हॉल्व्ह गळतोय" म्हणून फोन येतो. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की साधारण एक पेला, २२५ मिलिलिटरच्या आसपास, फुगतं. मागे जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना थेंब पडले आणि नंतर थांबले तर व्हॉल्व्ह नीट काम करतोय. खाली एक बारीक नळी लावून ते पाणी मोरीत सोडा.

त्याचं तोंड कधीच बंद करू नका. खिळा ठोकून, डमी लावून, एम-सील भरून बंद केलेले व्हॉल्व्ह मी काढलेत. थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी तापतच राहिलं, तर टाकी आणि तुमच्यामध्ये तेवढा एकच व्हॉल्व्ह असतो. गिझर बंद असतानाही पाणी सलग गळत असेल किंवा वाफेसकट कढत पाणी फेकत असेल, तर स्विच बंद करा, बाथरूमच्या बाहेर या आणि माणूस बोलवा.

टाकी रिकामी करणं

थोड्या मेहनतीचं काम, पण पाना धरता येणाऱ्या कुणालाही जमतं. आदल्या रात्री गिझर बंद करून प्लग काढा. गरम टाकी कधीच सोडू नका. सकाळी गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा ठेवा. नळातून पाणी येणार नाही, कारण गरम पाण्याच्या नळीचं तोंड टाकीत वरच्या बाजूला असतं. नळ उघडा ठेवायचा तो हवा आत जायला. मग खाली बादली धरून निळ्या कड्याच्या, म्हणजे गार पाणी आत येण्याच्या, बाजूनं पाणी सोडा. तिथल्या व्हॉल्व्हला दांडी असेल तर ती उचला, नसेल तर व्हॉल्व्ह काढावा लागतो. पुन्हा भरा, पुन्हा सोडा. दोन-तीनदा केलं की गाळ आणि भुकटी निघते. मोठ्या खपल्या त्या भोकातून येत नाहीत, हे मात्र आधीच सांगतो.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा: पाणी भरून गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रिकाम्या टाकीत एलिमेंट जळायला फार वेळ लागत नाही.

इथून पुढे झाकण उघडावं लागतं

गिझर वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. तुम्ही झाकण उघडलंत तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ज्याला मल्टिमीटर धरता येत नाही त्यानंही इथे थांबावं. यात कमीपणा काही नाही.

पुढे जाणाऱ्यांसाठी: प्लग काढलेला, मेन बंद, आणि वायरला हात लावण्याआधी टेस्टरनं खात्री. झाकणाखाली थर्मोस्टॅट आणि कटआउट दिसतात. कटआउटवर छोटं बटण असतं. पाणी मर्यादेबाहेर तापलं की ते उडतं आणि हातानं दाबल्याशिवाय बसत नाही. एकदा दाबा. आठवड्याभरात पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट बिघडलाय किंवा एलिमेंट क्षारांनी मढलाय. दुसऱ्यांदा दाबू नका. कटआउटच्या दोन टोकांना वायर जोडून गिझर "चालू करून दिलेला" मी काही घरांत पाहिलाय. त्या घरातली माणसं रोज ज्याच्याखाली उभी राहून आंघोळ करत होती, त्यावर कसलाच लगाम नव्हता.

एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून त्याच्या टोकांवर ओहम मोजा. २००० वॅटला साधारण २६ ओहम, ३००० वॅटला साडेसतरा-अठरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. मग एक टोक आणि टाकीचं धातूचं अंग यांच्यामध्ये मोजा. तिथे मीटरनं काहीच दाखवू नये. काही किलोओहम दिसले तर एलिमेंट गळतोय, बदलायचा. मात्र साधा मल्टिमीटर सगळी गळती पकडत नाही. त्यानं ठीक म्हटलं आणि तरीही आरसीसीबी पडला, तर मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर, असलेल्या वायरमनकडून तपासून घ्या. निदान एक मेगाओहम तरी यायला हवा.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या एलिमेंटच्या तोंडाशी दमट हवेनं ओल धरते, कारण आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी पाणी ओढून घेते. दिवाळीच्या पहाटेचे काही फोन या ओलीचेच असतात. असा एलिमेंट काढून उन्हात नीट सुकवला की कधीकधी सुधारतो. मेगरवर आकडा चांगला आला तरच तो परत बसवायचा.

एलिमेंट बाहेर काढल्यावर

तासगावच्या बाजूला द्राक्षबागायतदार काकांच्या घरी गेलो होतो. दोन वर्षांत तीन एलिमेंट बदलून झालेले. दर वेळी नवीन एलिमेंट बसवून गेलेल्यानं टाकी साफ केलीच नव्हती. मी फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट टाकीला धरून ठेवणाऱ्या चकतीचे, बोल्ट काढले, एलिमेंट खाली ओढला, तो येईना. वेटोळ्यावरचा थर टाकीच्या भोकापेक्षा जाड झालेला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं टकटक करत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी एक खपली सुटली, पोळीसारखी वाकलेली, बाहेरून पांढुरकी आणि आतल्या बाजूला एलिमेंटचा ठसा उमटलेली. ती निघाली तेव्हा खालची तांब्याची नळी दिसली. जागोजागी निळसर-काळी पडलेली, आणि एका वळणावर केसाएवढी चीर. टाकीतून पुढे अर्धं घमेलं भरून खपल्या निघाल्या. काका घमेल्याशेजारी बसून एकेक खपली हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "हे आम्ही पितोय होय?"

ती चीर म्हणजे सगळ्या ट्रिपिंगचं मूळ. क्षारांचा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही. मग एलिमेंटची नळी स्वतःच तापत राहते, नको तितकी, आणि फाटते. चिरेतून पाणी आतल्या भुकटीत शिरतं, तिथून तारेपर्यंत करंटला वाट मिळते आणि आरसीसीबी पडतो. म्हणून नुसता एलिमेंट बदलून उपयोग नाही. जुना थर टाकीत पडून राहिला तर नव्या एलिमेंटच्या अंगाशी तोच गाळ साचतो.

नळी कुठे फाटलेली नसेल, ओहम बरोबर असतील तर एलिमेंट साफ करून चालतो. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराण्याच्या ठोक दुकानात ते किलोवर मिळतं. त्यात एलिमेंट टांगून ठेवायचा, वायर जोडायची टोकं वर आणि कोरडी. बुडबुडे यायला लागतात. चुनखडी विरघळून कार्बन डायऑक्साइड निघतो तो. दोन-तीन तासांनी प्लास्टिकच्या ब्रशनं घासा. थर जाड असेल तर ताजं पाणी करून पुन्हा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. त्यानं क्षार झपाट्यानं जातात, पण तांबं आणि टाकीही खाल्ली जाते, आणि बंद बाथरूममध्ये त्याचा वाफारा छातीत बसतो. टाकीतही लोखंडी पट्टीनं खरवडू नका. आतून काचेसारखा लेप असेल तर तो टवका उडून तिथूनच गंज धरतो.

एलिमेंटशेजारी मॅग्नेशियमची कांडी असते, ॲनोड. टाकीच्या लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते. आतली तार दिसायला लागली असेल किंवा ती पेन्सिलीपेक्षा बारीक झाली असेल तर बदला. बोअरच्या पाण्यावर ती दर वर्षी पाहावी. सगळ्याच गिझरांत ती नसते. असून कुणी कधी बदललेली नसेल, तर टाकी गळण्याचं कारण बहुतेक तेच. गास्केट मात्र दर वेळी नवीनच. जुनं दाबून बसवलं तर पाणी झिरपून थेट वायरींवर पडतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

नळाला करंट लागतो. वायर किंवा सॉकेट जळलंय. कटआउट दुसऱ्यांदा उडालं. नवीन किंवा साफ एलिमेंटवरही आरसीसीबी पडतो. बोल्ट गंजून फिरत नाहीत. जोर लावलात तर फ्लँजची आटी जाते आणि टाकीच बाद होते. घराला अर्थिंग आहे की नाही हेच माहीत नाही. यातलं काहीही असेल तर परवाना असलेला वायरमनच हवा.

टाकीच्या अंगातून, वेल्डिंगच्या रेषेतून पाणी येत असेल तर वायरमनही काही करू शकत नाही. आतली टाकी दुरुस्त होत नाही. एम-सील लावून घेऊ नका, गिझर बदला आणि नवीन घेताना आयएसआय शिक्का पाहा.

पुराचं पाणी घरात आलं असेल तर वेगळा नियम. २०१९ च्या ऑगस्टनंतर मी आठवडेच्या आठवडे फक्त बोर्ड आणि वायरिंग सुकवत होतो. गिझर उंचावर असल्यानं कोरडा दिसतो, पण सॉकेट आणि पाइपातल्या वायरीत गाळ बसलेला असतो. मेगर मारल्याशिवाय घराचा मेनसुद्धा चालू करायचा नाही.

गॅस गिझर असेल तर वरचं काहीही लागू नाही. त्याची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गप्प खाली बसतो. आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं तर दार उघडून बाहेर या, गॅस बंद करा, आणि गिझर बाहेर हलवेपर्यंत वापरू नका.

पुढच्या दिवाळीसाठी

माझ्या घरीही बोअरच आहे, म्हणून करतो तेच सांगतो. दसऱ्याच्या आधी टाकी दोनदा भरून रिकामी करायची, आरसीसीबीचं 'टी' बटण दाबून तो पडतो का पाहायचं, व्हॉल्व्हची दांडी एकदा उचलून सोडायची. होळीनंतर गिझर बंद करायच्या आधी पुन्हा एकदा टाकी सोडायची. दर दोन वर्षांनी एलिमेंट बाहेर काढून लिंबूसत्त्वात. पाणी फार जड असेल तर दर वर्षी. किती जड आहे ते टीडीएस मीटरवर कळत नाही, त्यासाठी पाण्याचा कडकपणा तपासून घ्यावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. सहाशेच्या घरातलं पाणी असेल तर दर वर्षी एलिमेंट काढायचा हे धरूनच चाला.

झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं तारीख, ओहमचा आकडा आणि तापायला लागलेली मिनिटं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी २१ च्या जागी २८ मिनिटं दिसली की दिवाळीची वाट न बघता त्याच रविवारी पाना काढतो.